सत्तेचाळिसाव्या वर्षी पालकाची सही

मंडळी, आज नांदेडात माझ्या मानवी हक्कांची पायमल्ली झाली. भरदिवसा मला ‘काका’ म्हटलं गेलं.

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर क्लार्क म्हणाला, “काका, पोराला पाठवा.”

“मीच विद्यार्थी हाय.”

माझं छपाईचं दुकान बंद पडलं, म्हणून वकिलीला प्रवेश घेतलाय. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर शिक्षणही बंद.

“मग पालकाची सही आणा. त्याशिवाय अर्ज न्हाई घेत.”

रिक्षा करून सत्तरीच्या मायला आणलं. तिनं सही केली आणि क्लार्कला बजावलं, “लई बडबड करतो. पुढच्या बाकावर बसवा.”

क्लार्कनं हसत अर्ज घेतला.

या वयात कुणी पुन्हा शिकणार असाल, तर सही करणारं माणूस घरात आहे तोवर अर्ज भरा.

रिक्षाचे पैसे मायनंच दिले होते. घरी येऊन मी तेवढेच पैसे गुपचूप तिच्या पानाच्या डब्यात ठेवले.