मास्तरांच्या विजारीची साक्ष

"गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची तर आधी वजन उतरवा," असे डॉक्टरांनी बजावले आणि त्या दिवसापासून शिंपीमास्तरांनी मिताहाराचे व्रत घेतले. गुडघा सुधारला नाही तर पायमशीन थांबणार आणि पायमशीन थांबले की मास्तरांचे केवळ नाव उरणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते. वजनकाट्यावर मात्र त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. आयुष्य कापडाच्या सहवासात गेलेले. म्हणून रोज सकाळी तीच करडी विजार चढवून ते कमरेच्या हुकाला कौल लावीत.

परंतु हे दैवत भलतेच लहरी निघाले. कधी हुक लागता लागत नसे, कधी विजार घसरून घोट्यांशी येई, तर दोन दिवसांनी पुन्हा श्वास रोखावा लागे. आहार तोच, उकडलेल्या भाज्या आणि बिनसाखरेचा चहा; मग देहाची ही चंद्रासारखी क्षयवृद्धी कशाने? मास्तरांची मती गुंग झाली.

अशात त्यांचा साठावा वाढदिवस उजाडला. विजार सैल निघाली तर केकचा एक तुकडा खायचा, असा त्यांनी मनाशी करार केला होता. सकाळी ती चांगली ढगळ होती. दुपारी ती खुंटीला अडकवून मास्तर घटकाभर लवंडले, आणि संध्याकाळी केकपुढे बसतात तो काय, कंबर करकचून आवळलेली!

"आता खाऊ की नको?" मास्तर रडकुंडीला आले.

"नका खाऊ!" पत्नी ओरडली.

"खा बाबा!" त्याच क्षणी मुलगी म्हणाली.

मास्तर चक्रावले. इतके दिवस "एका घासानं काय होतंय" म्हणणारी पत्नी अडवत होती, आणि बिस्किटांचा डबा कुलपात ठेवणारी मुलगी आग्रह करत होती! ते आत गेले, विजार बदलली आणि उलटी करून दिव्याखाली धरली. कमरेच्या पट्टीत दोन शिवणी होत्या. उसवून पुन्हा घातलेले बारीक टाके हातचे, काज-बटणे करणाऱ्या पत्नीचे. त्यांवरून धावलेली घाईची शिवण यंत्राची, मुलीची.

"हे काय गं?"

"तुम्ही हिरमुसून बसायचात, म्हणून थोडी सैल करायचे," पत्नी पुटपुटली.

"आणि सैल झाली की बाबा लगेच डबे हुडकायचे, म्हणून मी आवळायचे. आजही दुपारी मीच आवळली, म्हणून तर खा म्हटलं. आई उसवते हे मला काय माहीत?"

"तरीच! मी म्हणते, एवढं उसवूनही ह्यांना घट्ट कशी होते!"

"अगं, पण मग मी बारीक झालो की जाड?"

टेप आला. पत्नीच्या मापाने कंबर उतरली होती, मुलीच्या मापाने वाढली होती.

"चुकलं हो माझं," पत्नी टेप गुंडाळत म्हणाली. "ऑपरेशन राहिलं तर?"

मास्तरांनी केकचा तुकडा तोंडाजवळ नेला, थबकले, आणि पुन्हा बशीत ठेवला. "उद्या काट्यालाच विचारू. तो निदान घरचा तरी नाही."

"तोवर केक कुणाच्या ताब्यात?" मुलीने विचारले.

तिघांनी एकमेकांकडे निरखून पाहिले. अखेर केक झाकून शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिला.