भांगातली कबड्डी

पांडुरंग गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही जाळ्यांच्या शेडमध्ये मंडळाच्या कमिटीला नावं ठेवत बसलो होतो. गावच्याच स्पर्धेत आमचा कबड्डीचा संघ पुन्हा पहिल्या फेरीत हरला होता. बोईसरहून त्याच्या मुलाचा फोन आला. मी ऐकलं, सगळ्यांना सांगितलं. थोड्या वेळाने विषय परत कमिटीवरच गेला. पांडुरंगलाही तेच आवडलं असतं.

मी सातपाटीचा, चौथी शिकलेला, बाकी सगळी शाळा दर्यावर. पांडुरंग जळगावकडचा. बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जायचा, भाड्याच्या खोलीत राहायचा. एकदा सामना बघायला आला आणि आमच्या संघाला चिकटला. सुट्टीच्या रविवारी पालघरहून एसटी पकडून यायचा. ‘आपली पोरं’ म्हणायचा. कोणीतरी टोमणा मारायचंच, “तुजी कुठली रं? तुज्या गावाला दर्या तरी हाय का?” तो हसायचा आणि चहा सांगायचा.

संघ का हरतो, यावर शेडमध्ये प्रत्येकाचं मत. कोणी म्हणे, चांगला चढाईवाला गुपचूप कंपनीच्या संघाला द्यायचाय, म्हणून कमिटी त्याला अर्धा सामना बाहेर बसवते. मी म्हणायचो, अध्यक्षाला भाच्याला कप्तान करायचंय. माझं मत अजून तेच आहे. पांडुरंग बरीच वर्षं नुसता ऐकत राहिला. मग एकदा म्हणाला, “तात्या, आपली पोरं हरत नाहीत. झोपतात.”

आमची स्पर्धा बापजाद्यांपासून पुनवेला. पुनवेला उधाण, उधाणात मासळी, म्हणजे होड्या बाहेर. पोरं रात्रभर जाळी ओढणार आणि सकाळी मैदानात उतरणार. रात्रपाळी केलेल्या माणसाला सकाळी कोणी मशीनवर उभं करतं का, असं तो विचारायचा. अष्टमीला भांग असतो, पाण्याला ओढ नसते, होड्या किनाऱ्याला असतात. तेव्हा खेळवा म्हणायचा. उधाण-भांग आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो, पण हे आमच्यातल्या एकाला सुचलं नाही. सामना म्हटला की आमची नजर कमिटीवर. दर्याकडे पाठ.

यंदा कमिटीने ठरवलं होतं, हरले तर संघच बंद. पांडुरंग तेव्हा आजारी होता, तरी रिक्षा करून अध्यक्षाच्या दारात गेला. अध्यक्ष म्हणाला, “भाऊ, पुनव सोडली तर देवाला काय सांगू?”

“सांगा, पोरं दमलीत.”

पुनव काही हलली नाही. संघ हरला. तो निकाल पांडुरंगला कळला की नाही, ते मी मुलाला विचारलं नाही.

बाराव्यानंतर कमिटीची बैठक झाली. संघ बंद करायचा ठराव वाचायला घेतला तसा मी उभा राहिलो. म्हटलं, “एक वरीस अष्टमीला खेळवा. मग बंद करा, कुलूप मी आणून देतो.” कमिटीतल्या एकाने विचारलं, हे कोणाचं डोकं? मी म्हटलं, “आपल्या पांडुरंगचं.” या वेळी कोणी टोमणा मारला नाही. ठराव बाजूला राहिला. एका वर्षापुरता.

आता शेडमध्ये नवी चर्चा आहे, कमिटीने तारीख का बदलली याची. एकजण सांगतो, मुंबईच्या संघांना अष्टमीच सोयीची म्हणून. दुसरा म्हणतो, भाच्याची परीक्षा पुनवेला आली. मी ऐकतो. भिंतीवर कॅलेंडर आहे, हल्ली आधी उठून त्यावरची तिथी बघतो... आणि मग कमिटीला शिव्या घालतो.