रामधनने हात वर केला होता

रामधन गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी मुलांच्या वह्या तपासत होतो. शेतात तूर सोंगताना छातीत कळ आली, नेरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, असं त्याची मुलगी सांगत होती. मी ऐकत होतो, आणि मनात एवढंच येत होतं... ती ओळ राहून गेली.

त्याचा बंजारा तांडा आणि आमचं गाव यांच्यामध्ये एक नाला. दोन्हीकडची पोरं मिळून आमचा कबड्डीचा संघ होता. मैदानाच्या रेषा रामधन पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, राखेने आखायचा. चुन्याने पायाला भेगा पडतात, असं त्याचं म्हणणं. बाभुळगावच्या अंतिम सामन्यात गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई त्याची. त्याने एक गडी टिपला, पण परतताना त्याची टाच बाजूच्या रेषेबाहेर टेकली. धुळीत पंचांना दिसलं नाही, समोरच्या संघालाही नाही. रामधनने आपण बाद झाल्याचं सांगायला स्वतःहून हात वर केला आणि आम्ही एका गुणाने हरलो. मी आधीच बाद होऊन बाहेर बसलो होतो. मी त्याला सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली. परतीच्या टेम्पोत तो एवढंच म्हणाला, "पंचाले नाही दिसलं, पण टाचेले तं मालूम होतं ना बे."

पुढे मी शिक्षक झालो, कथा लिहू लागलो. एका दिवाळी अंकात हीच कथा लिहिली. माझा नायक हात वर करत नाही. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, बक्षिसाशिवाय तिचं औषध येणार नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि जिंकतो. आपल्याकडे कथेतल्या खेळाडूला शेवट दोनच, एक तर कप नाहीतर गुत्ता. साध्या माणसासारखा हरून घरी जाणारा आणि दुसऱ्या दिवशी निंदणाला लागणारा खेळाडू कोणालाच नको असतो. पण खरं कारण वेगळं आहे. तो सामना मला जिंकायचा होता. मैदानावर जमलं नाही, ते मी कागदावर केलं.

अमरावतीच्या काही तरुणांनी त्यावर छोटा चित्रपट काढला. तो मोबाईलवरून तांड्यात पोचला. नायकाचं नाव बदललं होतं, पण ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. रामधनचा फोन आला, कथेतल्या आईबद्दल. "मास्तर, माह्या याडीले कायले मरणाला टेकवलं बे? ते तं आताही भाकरी थापून राह्यली!" मी हसलो. तोही हसला.

तेव्हा तो तांड्यातल्या मुलींना कबड्डी शिकवत होता; त्या त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायच्या. बाद झालं की पंचांची वाट न पाहता हात वर करायचा, हा त्याचा पहिला धडा. गेल्या हिवाळ्यात सपना नावाच्या, त्याच्या संघातल्या सगळ्यात चपळ मुलीने बाद होऊनही हात वर केला नाही. तो रागावला, तर ती म्हणाली, "भिया, पिक्चरमध्ये तुमी बी तं नाही केला."

हे सांगायला त्याने पुन्हा फोन केला, तेव्हा मात्र तो हसला नाही. "पोरी आयकत नाहीत माह्यं. तू पेपरात लिहितं ना? एक लाईन टाक, का रामधननं हात वर केलता. दाखवतो त्याईले."

"टाकतो," मी म्हणालो. मग परीक्षा आल्या, मग सुट्ट्या... लिहिलं असतं तर आपली कथा खोटी होती हेही लिहावं लागलं असतं. म्हणून टाळत राहिलो.

परवा तांड्यात गेलो. अंगणाच्या कोपऱ्यात त्याचा राखेचा डबा तसाच होता, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं असलेला. वहिनी म्हणाल्या, "पोरी येऊन राह्यल्या खेळाले. रेषा कोन मारन?" मी डबा उचलला. माझी रेषा वाकडीतिकडी पडली.

सपना बघत उभी होती. "सर, भियानं खरंच हात वर केलता?"

"केला होता. मी तिथेच होतो. त्यासाठी मी त्याला शिवी दिली होती."

 तिने पायाने माझी रेषा पुसली, माझ्या हातातला डबा घेतला, आणि रामधनसारखी वाकून, मागे मागे सरकत, नवी आखू लागली.