माळवदाची माती स्लॅबवर

फौजेच्या क्वार्टरमध्ये नळ बिघडला की एका कागदावर लिहून द्यायचं. दोन-चार दिवसांनी पाना घेऊन माणूस यायचा, आपण चहा करायचा, झालं. माझी वीस वर्षं अशीच गेली. त्यामुळं कराडजवळ मलकापूरला आम्ही स्वतःचं घर घेतलं तेव्हा माझी साठी उलटली होती आणि भिंतीत खिळा सरळ कसा ठोकतात तेही मला येत नव्हतं.

मालकांना, म्हणजे माझ्या फौजी नवऱ्याला, येत होतं, पण त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवा हात, उजवा पाय दोन्ही लुळे, बोलणंही शब्द चावल्यासारखं. ते खाटेवर बसून सांगायचे आणि मी करायचे. नळाचा वायसर मी बदलला तो उलटा बसवला. पडद्याची दांडी लावली, ती आठ दिवसांनी पडद्यासकट माझ्या डोक्यात आली. मालक तोंड फिरवून हसले. मला राग आला नाही, कारण आजारपणानंतर ते हसलेच नव्हते.

हे घर का घेतलं ते सांगायला हवं. त्याआधी आम्ही गावी, आटपाडीकडं, धाकट्या दिरांजवळ राहत होतो. दीर चांगले. जाऊबाईही वाईट नाहीत, पण एकदा भाकरी थापता थापता भिंतीकडं बघून म्हणाल्या, "एक माणूस आजारी असलं की घरातली सगळीच आजारी." ते मला लागलं. पेन्शनीचं जे साठलं होतं ते घातलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं थोडी बाग एवढं घर घेतलं. निघताना मी जाऊबाईंना सांगून आले, "आता आमी तुमच्या दारात राहायला यायचो न्हाई." असं बोलू नये. पण बोलून बसले.

आणि श्रावणात मालकांच्या खाटेच्या बरोबर वर छत गळायला लागलं.

आधी नुसती ओल, भाकरीएवढी. मग थेंब. खाट सरकवायला जागा नव्हती, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला संडासाचं दार. त्या दारापर्यंत त्यांना भिंत धरून चार पावलं जाता येत होती म्हणून तर ती खोली. गवंड्याला फोन केला. "येतो मावशी उद्या." दुसऱ्या दिवशी, "पाऊस थांबू दे मावशी." तिसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही. मी खाटेवर प्लॅस्टिकचा कागद बांधला, त्यात पाणी साठायचं आणि मालक डाव्या हातानं खालून ढुसणी देऊन ते परातीत पाडायचे.

तेव्हा मला माझ्या वडिलांचं माळवद आठवलं. आमच्या माहेरी सगळी घरं माळवदाची, मातीच्या छपराची. उन्हाळा सरताना वडील गावाजवळच्या पांढरीतनं गाडीभर पांढरी माती आणायचे, वर पसरायचे, पाणी मारायचे आणि आम्ही पोरं ती तुडवायचो. एवढं केलं की वर्षभर बघायला नको. मला वाटलं, जी माती लाकडावर चालते ती सिमेंटवर का नाही चालणार?

दीर पिकअपमधून डाळिंबं घेऊन कराडला येत असतात. त्यांना फोन केला, येताना दहा पोती पांढरी माती आणा.

"आवं वैनी, स्लॅबवर कुणी माती टाकतं व्हय?"

"तुमी आणा तर."

"घर तुमचं, डोस्कं तुमचं," म्हणाले आणि घेऊन आले. वर नेऊ का म्हणाले तर मी नको म्हटलं. घमेलं घमेलं करून जिन्यानं मीच नेली. पसरली, पाणी मारलं, पातळ गुडघ्यापर्यंत खोचून तुडवली. शेजारच्या काकू खिडकीतनं बघत होत्या. त्यांना वाटलं असेल म्हातारीचं फिरलं.

तीन दिवस एक थेंब नाही. मालक छताकडं बघून मान हलवायचे. मला इतकं चढलं की मी जाऊबाईंना मुद्दाम फोन करून सांगितलं, गवंडी नको का कोण नको, माझं मी केलं. त्या "बरं झालं" म्हणाल्या.

एक गोष्ट मी विसरले होते. आमच्या माहेरी पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. इकडं तो घरजावई. चौथ्या दिवशी जो बसला तो उठायचं नाव घेईना. आणि माळवदाला कठडा नसतो, पाणी पन्हाळीतनं खाली जातं. माझ्या स्लॅबला चारी बाजूंनी कठडा आणि पाणी जायला कोपऱ्यात मनगटाएवढा एकच पाईप. सगळी माती वाहत जाऊन त्या पाईपात बसली.

सहाव्या दिवशी दुपारी मी मालकांना धरून संडासाच्या दारापर्यंत नेलं होतं. मागं धप्पकन आवाज झाला. छताचा गिलावा, ताटाएवढा, प्लॅस्टिकचा कागद फाडून त्यांच्या उशीवर पडला होता. त्यांचं डोकं असतं त्या जागी. मागून पाण्याची धार.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी वर धावले. स्लॅबचं तळं झालेलं, घोट्याच्या वर पाणी. गुडघ्यावर बसून पाईप शोधला, बोटं घातली तर आत नुसता चिखल, दगडासारखा. काठी घातली, ती मोडली. खालून मालकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी जिन्यावर येऊन ऐकलं.

"कठडा. कठडा फोड."

नवं घर. मी पहार आणली आणि कठड्याच्या तळाला घालायला लागले. पहिल्या घावाला हात बधिर झाले. मी रडत होते, पण पावसात ते कुणाला कळणार. विटा निसटल्या आणि सगळं पाणी मातीसकट शेजारच्या काकूंच्या शेवंतीच्या कुंड्यांवर गेलं.

"आवं, आमच्या दारात नदी सोडली का काय?" काकू ओरडल्या.

"माफ करा," म्हटलं, आणि खाली मालकांकडं धावले.

त्या दिवशी मी स्वतः दिरांना फोन केला. म्हटलं, यांना घेऊन जावा.

दुसऱ्या दिवशी ते आले. वर जाऊन बघून आले, आणि मालकांचे कपडे पिशवीत भरायला लागले. ते टोमणा मारते तर बरं वाटलं असतं. मालकांना पुढच्या सीटवर बसवलं. "वैनी, तुमीबी चला," म्हणाले.

"ही माती कोण काढणार?"

मालक समोरच्या काचेकडं बघत होते. माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी. फौजेत असताना किती वेळा त्यांना गाडीत बसवून दिलं, पण तेव्हा ते परत येणार हे ठरलेलं असायचं.

ओली माती पसरण्यापेक्षा काढायला चौपट जड. चार-पाच दिवस खोऱ्यानं ओढत होते. बागेत शेवग्याच्या बुंध्याशी टाकली, तर ती अशी घट्ट बसली की शेवगा वाळला. दुपारी गावी फोन लावायचा, जाऊबाई फोन त्यांच्या कानाला धरायच्या. ते "हं" म्हणायचे. "काम झालंय जवळजवळ," मी खोटंच सांगायचे. जाऊबाई म्हणाल्या, "हितं जेवत्यात चांगलं. परवा दोन भाकरी खाल्ल्या." चांगलीच बातमी ती. मी फोन ठेवला आणि फुटलेल्या छताखाली त्या रिकाम्या खाटेवर बसले. ते तिकडंच राहतो म्हणाले तर मी काय म्हणणार होते? त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला गाव सोडायचं आहे का.

भाद्रपदात उघडीप मिळाली. गवंडी आलाच नाही. मटेरियलच्या दुकानदारानं कागदावर काढून सांगितलं: तारेच्या ब्रशानं घासा, भेगा भरा, कोपऱ्यांना जाळी लावा, मग सिमेंटात गळती थांबवायचं औषध कालवून दोन हात मारा. मी सगळं गुडघ्यावर चालत केलं. कठड्याचं भोक बुजवलं, वाकडंतिकडं. आणि शेवटी तो म्हणाला, "आता पाईपाला बोळा घाला आणि स्लॅबवर दोन दिवस पाणी साठवून ठेवा. त्याशिवाय कळायचं न्हाई."

मला वाटलं हा चेष्टा करतोय. ज्या पाण्यानं घर खाल्लं तेच मी नळी लावून आपल्या हातानं वर साठवायचं. पण साठवलं. आणि दोन दिवस घरात मान वर करून हिंडले. कोरडा हात छताला लावायला स्टुलावर चढायचे, उतरायचे, परत चढायचे. खाटेवरचं छत कोरडं राहिलं. पहिला दिवस, दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीवर थेंब पडला. एक. थोड्या वेळानं दुसरा.

मी तिथंच खाली बसले. माझ्यात आता परत गुडघ्यावर चालायची ताकद नव्हती. फोन लावला. आज खोटं बोलायचं नाही एवढंच ठरवलं होतं. जाऊबाईंनी फोन त्यांच्या कानाला धरला.

"झालं न्हाई नीट," म्हटलं. "अजून गळतंय."

मालकांनी विचारलं, "खाटंवर?"

"न्हाई. खाटेवरचं थांबलं. स्वयंपाकघरात गळतंय, फळीवर."

ते एक एक शब्द चावून म्हणाले, "मी काय फळीवर झोपतोय?"

मागं दीर मोठ्यानं हसले. मग फोन त्यांनीच घेतला आणि विचारलं, "वैनी, उद्या डाळिंबं घिऊन येतोय. दादा म्हणत्यात, मलाबी टाक गाडीत. आणू का?"

मी म्हटलं, आणा.