महिना बदलून हवा

विनीत सावंतने शालूबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्यांनी काउंटरवर अंगठी ठेवून "ही बदलून मिळेल का?" असं विचारलं तेव्हा. त्याआधी त्या दुकानासमोरून शेकडो वेळा गेल्या असतील. पण डोंबिवलीत कापडी पिशवी घेऊन भराभर चालणाऱ्या बायका इतक्या आहेत की एकीवर नजर थांबायला काहीतरी कारण लागतं.

"सैल होते का काकी?" विनीतने विचारलं.

"नाही. बोटात बरोबर बसते. महिना बदलून हवाय."

विनीतचं 'भाग्यरत्न' हे दुकान मानपाडा रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच काउंटरवर तो मोबाइलची कव्हरं विकायचा. कव्हरांच्या धंद्यात एक अडचण असते. चार दिवसांत कोपरा उसवतो आणि गिऱ्हाईक परत येतं. खड्यांचं तसं नाही. खड्याचा गुण यायला सहा महिने लागतात, आणि नाहीच आला तर घालणाऱ्याची श्रद्धा कमी पडलेली असते. बी.कॉम. झालेल्या माणसाला हा फरक समजायला वेळ लागला नाही.

राशीचे खडे शेजारचे गुरुजी विकत असल्यामुळे विनीतने जन्ममहिन्याचे खडे धरले. इंटरनेटवरून बारा महिन्यांचा तक्ता घेतला, फोनकडूनच त्याचं मराठी करून घेतलं आणि रंगीत छापून दुकानाच्या काचेवर चिकटवला. जानेवारीचा तामडा प्रवासात रक्षण करतो. डोंबिवलीकराला हे सांगण्यात काहीच गैर नव्हतं. मेचा पाचू जोडीदार खोटं बोलला की तडकतो. हा फारसा खपत नसे. जुलैचं माणिक संकट जवळ आलं की काळवंडतं. डिसेंबरचा फिरोजा माणसाला घोड्यावरून पडू देत नाही. आता घोडे घोडबंदर रोडलाही उरलेले नाहीत, पण दुचाकीला तोच गुण लागू पडतो असं विनीत ठामपणे सांगे.

सगळ्यात जास्त खपे तो जूनचा मोती. दुकान उघडल्यावर काही महिन्यांतच विनीतच्या लक्षात आलं होतं, की साठीच्या पुढचं जे गिऱ्हाईक येतं ते बहुतेक एक जूनला जन्मलेलं असतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, त्या काळी हवामानच तसं असेल. मग गुरुजींनी त्याला जगाची रीत सांगितली. जुन्या काळी खेड्यातली आई पोराला हाताला धरून शाळेत आणायची. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, तुम्हीच बघा. मास्तर पोराकडे बघायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे, कानापर्यंत हात पोचला की सहा वर्षं पूर्ण धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहायचे. त्यामुळे दर एकतीस मेला निम्मा ठाणे जिल्हा निवृत्त होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच निम्मा जिल्हा केक कापतो. ही सगळी मंडळी शुद्ध, सत्यवचनी आणि शांत स्वभावाची असली पाहिजेत, कारण तक्त्यात मोत्यापुढे तसंच लिहिलं होतं.

शालूबाई उबाळेही त्यातल्याच. माहेर खडवलीच्या आतल्या गावचं. सगळी नोकरी पालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून झाली. मूल बाहेर आलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ ओरडायची, हे काम त्यांचं. सिस्टर ती लिहून घेई. पुढे त्याच वेळेवर निम्म्या डोंबिवलीच्या कुंडल्या झाल्या, लग्नं जुळली, काही मोडली. ते घड्याळ नेहमी थोडं पुढे असे, कारण ड्यूटी लवकर सुटल्यासारखं वाटलेलं सगळ्यांनाच आवडायचं. पण निदान दिवस तरी खरा असे. हजारो पोरांना खरा दिवस देणाऱ्या बाईंकडे स्वतःसाठी मात्र मास्तरांचाच दिवस होता.

आणि तोही एकटीचा नाही. त्यांचे यजमान दौलतराव अंबरनाथच्या कारखान्यात होते. त्यांचीही तारीख एक जून, आणि दोन वेगळ्या गावांतल्या दोन वेगळ्या मास्तरांच्या कृपेने सालही तेच. लेक ऐश्वर्या घोडबंदर रोडला राहते. तिच्या इमारतीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे आणि नळाला टँकरचं पाणी. दर एक जूनला ती एक केक घेऊन डोंबिवलीला येते. या वर्षी केकबरोबर, येता येता विनीतच्याच दुकानातून घेतलेल्या दोन अंगठ्या आणल्या होत्या. दोन्हींत एकसारखे मोती.

"लेकीने प्रेमाने दिलीय ना काकी," विनीत म्हणाला. "मग?"

"प्रेमाने दिलीय म्हणून तर फेकली नाही. बदलायला आले."

"पण तुमचा महिना जूनच आहे."

"तो मास्तरांचा महिना. माझा कुठला ते विचारून येते. तोवर ही ठेव."

आठवडाभराने त्या पुन्हा आल्या, त्या थोरल्या बहिणीला, कमळाबाईंना घेऊन. मागून दौलतराव आले. ते दुकानात शिरले नाहीत, पायरीवर उभे राहिले. ज्याच्या बापाने छपन्न साली घरातले देव नदीत सोडले, तो माणूस खड्यांच्या दुकानाची पायरी चढणार कसा? पण बायको आत काय करते तेही ऐकायचं होतंच.

"माझ्या बापाने देव सोडले ते तू दगड धरावेस म्हणून का गं?" ते पायरीवरूनच म्हणाले.

"मला दगड नको," शालूबाई मागे न बघता म्हणाल्या. "मला तारीख हवी. तारखेबरोबर दगड येत असेल तर येऊ दे."

"आणि तुमच्या बोटात काय आहे हो दाजी?" कमळाबाईंनी विचारलं.

दौलतरावांनी हात पाठीमागे घेतला. "पोरीने दिलंय. दागिना म्हणून घातलाय. वैज्ञानिक दृष्टीने."

कमळाबाईंना स्टुलावर बसवून विनीतने विचारलं, की आजी, काकींचा जन्म कधीचा, काही आठवतं का? कमळाबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "आठवतं म्हंजे? समोर दिसतंय. आय लावणीला गेलेली, तिथनंच पोटात दुखाया लागलं. बांधावरनं घरी आणली. मला म्हणली, कमळे, चूल पेटव. ओली लाकडं, पेटता पेटना. ह्यो बघ, हात भाजलेला. ह्यो डाग."

"लावणी म्हणजे जुलै," विनीतचा चेहरा उजळला. "माणिक. राजाचं रत्न. माझंही तेच आहे. पूर्वी सैनिक म्हणे कातडीत माणिक रुतवून लढाईला जायचे. मरण यायचं नाही."

"आम्हाला काय लढाईला जायचंय?" शालूबाई म्हणाल्या. "थांब, शिवरामला विचारू."

शिवराम हा मधला भाऊ, आंबिवलीला राहतो. फोन स्पीकरवर लावला. शिवरामरावांनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही.

"अक्का खोटं बोलते. लावणीत झाला तो शालूच्या पाठचा. शालू झाली तेव्हा करवंदं होती. मी डोंगरावर करवंदं खाल्लेली, मला लागली हगवण. घरात सगळे तिच्यामागे, माझ्याकडे कोण बघेना. अजून आठवतंय मला."

"करवंदं म्हणजे मे," विनीत म्हणाला. "पाचू." त्याने पायरीकडे एक नजर टाकली आणि पाचूचा गुण सांगायचा टाळला.

"तुझी हगवण तर बारा महिने व्हती," कमळाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "त्याच्यावरनं का तारीख निघते?"

"आणि तुझ्या डागावरून निघते?"

भाऊबहिणीचं बरंच चाललं. धाकटीच्या जन्माची आठवण म्हणजे त्या दिवशी आपल्याला काय झालं होतं याची आठवण. एकीचा हात भाजला, एकाचं पोट बिघडलं. जन्मली कोण आणि कधी, हे दोघांनीही आपापल्या दुखण्याच्या सोयीने लावून घेतलं होतं. विनीतची मात्र अडचण नव्हती. त्याच्याकडे दोन्ही खडे होते.

दौलतराव शेवटी पायरी चढून आत आले. "पुरे आता. एक जूनला काय काटे आलेत? कागदावर आहे, पेन्शनला आहे, आधारला आहे. इतकी वर्षं दोघांचा एकत्र साजरा होतोय. लोक हेवा करतात."

 शालूबाई अगदी सावकाश म्हणाल्या, "आपण एकाच दिवशी रिटायर झालो, आठवतं का? तुमच्या कारखान्यातली माणसं घरी आली. तुम्हाला शाल दिली, फोटो काढले. भाषणं केली."

"हो. मग?"

"त्या दिवशी मीही रिटायर झाले होते. चहा मीच केला."

 कमळाबाईंनी फोन बंद केला. शिवरामरावांचं करवंदांचं प्रकरण अर्धंच राहिलं.

"केकवर 'पप्पा' मोठं असतं," शालूबाई पुढे म्हणाल्या. "जागा उरली तर 'आई'. ऐश्वर्याची चूक नाही. एका दिवसात एकाचाच वाढदिवस मावतो. मला माझा वेगळा दिवस पाहिजे. मोती पाहिजे की पाचू, त्याचं मला काही नाही."

विनीतने तक्त्याकडे पाहिलं. धंद्यात असे प्रसंग क्वचितच येतात आणि तक्त्यात त्यावर उपाय नसतो. तेवढ्यात शालूबाईंनीच विचारलं, "काय रे, हा तक्ता कुणी केला? कुठला महिना कुठल्या खड्याचा, हे ठरवलं कुणी?"

"फार प्राचीन आहे काकी," विनीत सवयीने म्हणाला.

"प्राचीन म्हणजे कुणी?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. विनीतने फोन काढला. बराच वेळ वाचत राहिला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "पूर्वी म्हणे एका धर्मगुरूच्या छातीवर बारा खडे असायचे. त्यावरून लोकांनी बारा महिने जुळवले. पण प्रत्येक देशात वेगळी यादी. मग एकोणीसशे बारा साली अमेरिकेतल्या सराफांनी सभा घेतली आणि एकच यादी पक्की केली."

"सराफांनी?"

"हो. नंतर परत एकदा बसून थोडे बदल केले. काही महिन्यांना जास्तीचे खडे दिले."

"म्हणजे विकणाऱ्यांनी बसून ठरवलं."

"तसंच म्हणायचं."

"आणि माझी तारीख मास्तरांनी बसून ठरवली." शालूबाईंनी बहिणीला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसल्या. "मग मीपण बसते."

 शालूबाई काचेवरचा तक्ता आतल्या बाजूने, उलटा वाचू लागल्या. जानेवारी नको, थंडीत कमळाअक्काचे गुडघे दुखतात, ती येणार नाही. मार्च-एप्रिल परीक्षांचे. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत घरात कोणाचं ना कोणाचं काहीतरी असतंच. डिसेंबरात ऐश्वर्या फिरायला जाते.

"फेब्रुवारी," त्या म्हणाल्या. "छोटा महिना. कोणाच्या अध्येमध्ये येत नाही. अकरा तारीख घाल. तोवर पगार झालेला असतो आणि संपलेला नसतो."

"असं कसं?" दौलतराव म्हणाले. "असा जन्म निवडतात का?"

"दुसऱ्यांनी निवडलेला चालतो ना?"

"आणि कागदाचं काय?"

"कागद पेन्शनला ठेवा."

दौलतरावांनी बोटांवर काही हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, पण साल तर तेच. फेब्रुवारी धरलास तर तू माझ्यापेक्षा मोठी होतेस."

"मग अहो-जाहो घाला," कमळाबाई म्हणाल्या.

विनीतने घाईने जांभळा खडा काढला. फेब्रुवारीचा अमेथिस्ट. जुने ग्रीक लोक समजत की हा अंगावर असला की कितीही दारू प्यायली तरी चढत नाही, हे त्याने सांगितलं, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की समोर बसलेल्या बाईंना याचा काहीही उपयोग नाही.

"चहालाही चालत असेल," शालूबाई म्हणाल्या आणि अंगठी घालून बघितली. बसली. मोत्याची त्याच्याकडेच सोडली.

त्या संध्याकाळी ऐश्वर्याला फोन गेला. तिने आधी आईला विचारलं की बरं वाटत नाहीये का. मग वडिलांना विचारलं, आई ठीक आहे ना. दौलतराव म्हणाले, ठीक आहे, फक्त मोठी झालीय. लेकीला काही कळलं नाही. पण फेब्रुवारीत ती आली, आणि एक जूनला पुन्हा आली. दोन्ही वेळा घोडबंदर रोडच्या कोंडीत आपला अख्खा दिवस गेला, हेही तिने दोन्ही वेळा ऐकवलं.

विनीत धंदेवाईक माणूस. शालूबाईंनी अंगठी बदलल्यापासून महिन्याच्या आत दुकानाच्या काचेवर नवी पाटी लागली: 'आपला जन्ममहिना आपण निवडा. योग्य मार्गदर्शन मिळेल.' कट्ट्यावरचे एक जूनवाले एकेक करून येऊ लागले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी एप्रिल घेतला, कारण त्याला हिरा असतो. मग किंमत ऐकून ऑक्टोबर घेतला. दोन मित्रांनी एकच महिना निवडला आणि त्यावरून बोलणं सोडलं. ज्यांनी जन्मभर मास्तरांनी दिलेला दिवस निमूट पाळला, त्यांना निवडायला मिळाल्यावर मोती कोणालाच नको होता. शुद्धता आणि सत्य यांचे डबे विनीतच्या कपाटात तसेच पडून आहेत. मार्गदर्शन तो मनापासून करतो. तक्त्याचं मूळ कळलं की माणूस पुढे काय करतो ते आता त्याला ठाऊक आहे, म्हणून सराफांच्या सभेची गोष्ट तो कोणाला सांगत नाही.

शालूबाई डोंबिवलीतच राहतात. अकरा फेब्रुवारीला त्या सकाळी एकट्याच खडवलीला कमळाबाईंकडे जातात, दिवसभर तिथल्या ओटीवर बसतात, चहा कमळाबाई करतात, आणि ऐश्वर्याच्या केकसाठी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर घरी येतात.