सरांच्या पुस्तकांची कव्हरं

मी बाइंडर. कोल्हापुरातल्या तीन वाचनालयांची पुस्तकं माझ्याकडं बांधायला यायची. नव्वदच्या दशकात चित्रकलेचे एक निवृत्त सर दुकानात वाटीभर खळ मागायला आले, तेव्हापासूनची आमची ओळख. नदीकडच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटेच राहायचे. एका खोलीत ते, दुसरीत एक अमेरिकन कादंबरीकार. म्हणजे त्याची पुस्तकं. समुद्र, बर्फ, हरवलेली बेटं असली साहसं लिहून जगभर गाजलेला माणूस. मुंबईच्या फुटपाथवरून, पुण्याच्या रद्दीतून, परदेशात पत्रं धाडून सरांनी ती जमवलेली. एकेक कादंबरी चार-चार वेळा. तीच गोष्ट चारदा कशाला, हे मला कळायचं नाही. मी विचारलंही नाही.

गल्लीतले लोक त्यांना ‘अमेरिकेचा जावई’ म्हणायचे. पानपट्टीवाला ओरडायचा, “काय जावईबापू, सासरचं पत्र आलं का न्हाय?”

“येणार की,” सर म्हणायचे.

आणि खरंच यायचं. तिकडं असाच एक म्हातारा संग्राहक होता, दोघांची कित्येक वर्षं पत्रं चाललेली. इथं त्या लेखकाबद्दल सरांशी बोलणारं कोणी नव्हतं. मी नुसता ऐकायचो. माझं इंग्रजी पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकण्यापुरतं. एका वर्षी दिवाळीनंतर तो अमेरिकन माणूस संग्रह बघायला येणार होता. सरांनी त्याच्यासाठी एक नवी खुर्चीही आणून ठेवली होती.

त्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. सरांनी सगळ्यात जुनी एकेचाळीस पुस्तकं रिक्षात घालून माझ्या माडीवर आणली. “सांभाळ बाबा. तू पुस्तकातला माणूस हायस,” म्हणाले, आणि आजऱ्याला बहिणीकडं गेले.

आठवडाभर सगळं बंद. माडीवर मी एकटा, हाताला काम नाही. पुस्तकं उघडून बघितली तर शिलाई सुटलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. वाटलं, पाहुणा यायच्या आत नवीकोरी करून द्यावीत. सर खूश होतील. वाचनालयाचं पुस्तक बांधायची रीत हातात बसलेली असते: आधी वरचं कागदी कव्हर फाडायचं, मागची-पुढची जाहिरातींची पानं काढायची, शिवायचं, तिन्ही बाजूंनी कापायचं, मग पुठ्ठा आणि रेक्झिन. कव्हर म्हणजे आमच्या लेखी टरफल. या कव्हरांचा कागद मात्र चिवट निघाला, म्हणून पट्ट्या कापून पुस्तकांच्या पाठींनाच आतून चिकटवल्या. सहा दिवसांत एकेचाळीस झाली. लाल रेक्झिन, सोनेरी नाव.

पाणी ओसरल्यावर सर एसटी स्टँडवरून थेट दुकानात आले. जिन्याखालूनच हाक मारली, “कव्हरं ठीक हायत न्हवं रे? गोष्टी काय, कुठंबी छापून मिळत्यात. तो येतोय ती कव्हरं बघायला. असली चित्रं तिकडंसुद्धा न्हाईत!”

सरांचे गुडघे दुखायचे. एकेका पायरीवर थांबत ते वर येईपर्यंत मला वेळ मिळाला. तेवढ्या वेळात मी खोटं जुळवलं.

“सर, पत्रा गळला. सगळी भिजली. कव्हरांचा लगदा झाला. आतलं वाचलं तेवढं बांधून ठेवलंय.”

सरांनी एक पुस्तक हातात घेतलं, अंगठ्यानं पानं सोडली. कुठल्याच पानावर पाण्याचा डाग नव्हता. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, की येऊनही ते बोलले नाहीत, मला आजही माहीत नाही. पुस्तक खाली ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू तरी काय करणार मर्दा. मीच आजऱ्याला न्यायला पायजे होती.”

माझ्याच टेबलावर बसून त्यांनी अमेरिकेला पत्र लिहिलं, की आता येऊ नका, बघण्यासारखं काही उरलं नाही. ते पत्र पेटीत मीच टाकलं.

पुढं सर बोलवायचे. “ये की संध्याकाळी, च्या टाकतो.” मी कामाचं निमित्त काढायचो. मग त्यांनी बोलवायचं सोडलं. “तुमचं सर दारात खुर्ची टाकून एकटंच बसत्यात,” पानपट्टीवाला एकदा म्हणाला. दुकानापासून त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही.

सर वारल्यावर त्यांच्या बहिणीनं ती एकेचाळीस पुस्तकं माझ्याकडं पाठवली. “त्यानंच सांगून ठेवलं होतं,” म्हणाली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर सरांनी एक कागद चिकटवला होता. त्यावर आठवून आठवून पेन्सिलीनं काढलेलं मूळ कव्हराचं चित्र. शेजारी रंगांची नावं. एका जहाजाच्या शिडाखाली लिहिलं होतं, ‘पिवळा, पण नक्की आठवत नाही.’ आणि प्रत्येक चित्राखाली तीच ओळ: ‘मूळ कव्हर पावसात भिजून नष्ट. बाइंडरचा दोष नाही.’

इतकी वर्षं ती माझ्या माडीवर आहेत. गेल्या आठवड्यात मी पहिल्या पुस्तकातली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘पत्रा गळला नव्हता. कव्हर बाइंडरनं फाडलं.’ सही केली. सरांच्या चित्रापाशी माझं अक्षर फार वाईट दिसतं.

अजून चाळीस आहेत.