झांबेझीच्या काठावरची हाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते! पण हे माझ्याच हॉलमध्ये, दुबईजवळच्या अजमानच्या फ्लॅटवर, भर दुपारी घडलं... म्हणून लिहितेय.

९८ साल असेल. माझा नवरा अविनाश दुबईच्या जबल अली बंदरात लॉजिस्टिक्समध्ये होता. मी त्याची दुसरी बायको. पहिली, शैला, लग्नानंतर लवकरच पुण्यात तापाने गेली. सासूबाईंच्या तोंडी सारखं शैलाचं कौतुक. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं हो, मेलेलीशी काय भांडणार?

कंपनीने त्याला झांबियाला पाठवलं. काम आटोपल्यावर स्वारी झांबेझी नदीवर हत्ती बघायला गेली. मी इथे एसीची घरघर ऐकत बसलेय, आणि हा तिकडे मजा मारतोय! परत आल्यावर म्हणाला, "अगं, थोडक्यात वाचलो. बाजूच्या झुडपातून एक हत्ती आला. नशीब, मी आधीच मागे सरकलो होतो."

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर त्याने तिथे शूट केलेली कॅसेट लावली. सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे होत्या. हत्तींचा कळप पाण्यात उतरलेला, पिल्लं आईच्या पायांत घुटमळताहेत, पलीकडे पाणघोड्यांची नुसती डोकी... आणि एकदम बाईचा आवाज — "अहो, मागे या ना!"

कॅमेरा गर्रकन मागे वळला. मागे रिकामी वाट, लांब उभी जीप. बाई कुठेच नाही. मग धावपळ, ड्रायव्हरची आरडाओरड, आणि अविनाश जिथे उभा होता बरोबर तिथे, कान फैलावलेला हत्ती.

माझं डोकंच सटकलं. "ही कोण बया? बरोबर बाई होती हे नाही सांगितलंस!"

"बाई कुठली? मी, ड्रायव्हर आणि आमचा मल्याळी मॅनेजर. खलास!"

"मग मॅनेजर तुला अहो म्हणाला का?"

आमची लेक मात्र नाचतेय, "रिवाइंड, मम्मा! एलिफंट अगेन!" मी केलं रिवाइंड. पुन्हा तीच हाक. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अगंबाई... ही तर आपली शैला!"

अविनाश उठून बाल्कनीत गेला, त्या उन्हात. मी मागोमाग गेले. "तिचाच आवाज ना?"

माझ्याकडे न बघता म्हणाला, "छे गं. मला तुझाच वाटला. म्हणून तर वळलो."

माझा? मी पहिल्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारते. अहो म्हटलेलं नाही कधी, चेष्टेतसुद्धा नाही!

कॅसेट नवी कोरी होती, आधीचं काही टेप केलेलं नव्हतं. त्यावर तो आवाज कसा आला, आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. तिने माझा नवरा सुखरूप परत पाठवला, तिचे उपकार मानायला हवेत... कळतं मला. पण जीव जळतो तो जळतोच. कारण तिथे मी असते आणि "अविनाश, मागे ये!" म्हणून ओरडले असते ना, तर तो म्हणाला असता, "थांब गं जरा, शूटिंग चाललंय."